मोहाचा क्रम (ख्रिस्ती धर्मविचार)

मोहाचा क्रम : मनात उमटलेली वाईट सूचना पायरीपायरीने संमतीपर्यंत, संमती कृतीपर्यंत आणि कृती सवयीपर्यंत कशी पोहोचते, याविषयीचा ख्रिस्ती धर्मविचार. मोह होणे म्हणजे पाप करणे नव्हे, हे या विचाराचे पहिले सूत्र आहे. रानात चाळीस दिवस राहिलेल्या येशूलाही मोह झाला, तरी तो निष्पाप राहिला, असे नवा करार सांगतो. मनुष्याची इच्छा त्या सूचनेला रुकार देते तेव्हा पाप घडते. म्हणून सूचना आणि रुकार यांच्यामधला अवकाश, मग तो क्षणभराचा का असेना, हाच या सगळ्या विवेचनाचा खरा विषय आहे.

नव्या करारातील मूळ ग्रीक शब्द ‘पेइरास्मोस’ याला कसोटी आणि भुरळ असे दोन्ही अर्थ आहेत. मराठी बायबलमधील प्रभूच्या प्रार्थनेत ‘परीक्षा’ हा शब्द येतो, तर गोव्यातील इगर्जींत, म्हणजे चर्चमध्ये, म्हटल्या जाणाऱ्या कोंकणी प्रार्थनेत ‘ताळणी’ हा शब्द आहे. ज्या प्रसंगाने माणूस पारखला जातो त्याच प्रसंगाने तो घसरूही शकतो, ही दुहेरी छटा ध्यानात ठेवल्याशिवाय ही प्रार्थना नीट समजत नाही. देव कोणालाही मोहात घालत नाही, असे याकोबाच्या पत्रात स्पष्ट म्हटले आहे. त्याच पत्राच्या पहिल्या अध्यायात मोहाचा क्रम गर्भधारणेच्या भाषेत सांगितला आहे : माणूस आपल्याच वासनेने ओढला आणि भुलवला जातो, वासना गर्भ धरून पापाला जन्म देते आणि पूर्ण वाढलेले पाप मरणाला जन्म देते. या उपमेचे बळ असे की, गर्भ बराच काळ बाहेरून दिसत नाही; पाप उघडकीला येते तेव्हा त्याची वाढ आत केव्हाच झालेली असते.

या क्रमाचे आदिचित्र बायबलच्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात आहे. सर्प हव्वेला आज्ञा मोडायला सांगत नाही. देवाने खरोखरच असे सांगितले आहे काय, एवढाच प्रश्न तो आरंभी विचारतो. ती उत्तर देते, संवाद लांबतो, शंका शिरते. मग झाडाचे फळ खायला चांगले, डोळ्यांना सुंदर आणि शहाणपण देणारे आहे असे तिला दिसते, आणि त्यानंतरच हात पुढे होतो. गोव्यात ही कथा मराठीत ओवीबद्ध झाली ती जेझुइट या कॅथलिक संन्यासी संघातील इंग्रज धर्मगुरू थॉमस स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’त. 1579 साली गोव्यात आलेल्या स्टीफन्स यांचा हा ग्रंथ 1616 साली सासष्टीतील रायतूर येथे प्रथम छापला गेला. जुन्या करारावर आधारलेल्या त्याच्या पहिल्या पुराणात आदाम-हव्वेचे पतन येते. पुराणश्रवणाची सवय असलेल्या श्रोत्यांना ते ओवीच्या परिचित चालीत मिळाले, ही बाब प्रस्तुत विषयासाठी महत्त्वाची आहे : हा क्रम व्याख्येपेक्षा कथेतून अधिक नेमका कळतो.

या कथेवरून व्याख्या केली ती आरंभीच्या ख्रिस्ती काळातील धर्मचिंतक संत ऑगस्टीनने. येशूच्या डोंगरावरील प्रवचनावर भाष्य करताना त्याने पापाच्या तीन पायऱ्या सांगितल्या : सूचना, रती (सूचनेत मनाला वाटणारी गोडी) आणि संमती. सर्प ही सूचना, हव्वा ही रती आणि आदाम ही संमती, अशी जोड त्याने लावली. त्याच सुमारास इजिप्तच्या वाळवंटातील तपस्वी एवाग्रिअस (मृत्यू 399) याने म्हटले की, विचारांनी आपल्याला छळावे की न छळावे हे आपल्या हाती नाही, पण ते मनात रेंगाळू द्यावेत की नाही हे मात्र आपल्या हाती आहे. पुढे सिनाईच्या मठपरंपरेने सूचना आणि संमती यांच्यामध्ये ‘विचाराशी बोलत बसणे’ अशी आणखी एक पायरी वेगळी काढली. प्रस्तुत लेखकाच्या मते सर्व विवेचनात हीच पायरी सर्वांत मोलाची आहे, कारण येथेच माणूस स्वतःला सबबी पुरवतो. ‘एकदाच’, ‘कोणाचे काय बिघडते’, ‘माझ्यावरही अन्याय झालाच आहे’ ही वाक्ये संमतीची नसतात, पण संमतीची वाट तीच झाडून ठेवतात.

मराठी वाचकाला येथे भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील साखळी आठवणे स्वाभाविक आहे; विषयांच्या चिंतनापासून संग, काम, क्रोध, संमोह आणि स्मृतिभ्रंश असे होत ती बुद्धिनाशापर्यंत जाते. दोन्हीकडे आरंभ चिंतनातच आहे. मात्र ख्रिस्ती विचारात शेवटी मोडते ते देवाशी असलेले नाते, आणि ते पुन्हा जुळते ते क्षमेने.

आतली ओढ स्वतःच पाप आहे काय, यावर ख्रिस्ती पंथांत मतभेद आहेत. बाप्तिस्म्यानंतर उरणारी ओढ पापातून आलेली आणि पापाकडे झुकणारी असली, तरी संमतीवाचून ती खऱ्या अर्थाने पाप नव्हे, असा निर्णय ट्रेंट येथील कॅथलिक धर्मसभेने 1546 साली दिला. प्रॉटेस्टंट सुधारक मार्टिन ल्यूथरच्या परंपरेने ती ओढही पापच मानली.

दावीद राजाची कथा (2 शमुवेल 11) या क्रमाचे बायबलमधील सर्वांत तपशीलवार उदाहरण आहे. राजे लढाईला निघण्याच्या ऋतूत दावीद यरुशलेमातच राहतो. संध्याकाळी गच्चीवर फिरताना त्याला स्नान करणारी स्त्री दिसते. येथवर पाप नाही. तो चौकशी करतो, ती उरीयाची पत्नी बथशेबा असल्याचे त्याला सांगितले जाते, आणि तरीही तो माणसे पाठवतो. व्यभिचारानंतर तो लपवण्यासाठी उरीयाला घरी पाठवण्याची युक्ती, ती फसल्यावर त्याला दारू पाजणे आणि अखेर त्याच्याच हाती त्याच्या मृत्यूची आज्ञा देणारे पत्र, अशी साखळी चालते. गच्चीवरील दावीदाला कोणी खुनाचे विचारले असते, तर तो संतापला असता. नाथान संदेष्टा पुढे एका गरिबाच्या मेंढीची गोष्ट सांगतो तेव्हा तो खरोखरच संतापतो. दुसऱ्याचा अन्याय दिसण्याइतकी त्याची दृष्टी शाबूत असते, स्वतःचा मात्र दिसेनासा झालेला असतो.

गोव्याला जेझुइटांमार्फत या विषयाची आणखी एक शिकवण लाभली. फ्रान्सिस झेवियर 1542 साली गोव्यात उतरले. त्यांचे गुरू आणि सोबती इग्नेशियस लोयोला यांच्या साधनाग्रंथात विचारांचा ओघ आरंभ, मध्य आणि शेवट असा तिन्ही ठिकाणी तपासावा असा नियम आहे. चांगल्या वाटणाऱ्या विचारानेही शेवटी मन अस्वस्थ केले किंवा हलक्या गोष्टीकडे वळवले, तर मागे जात जात तो कोठे वळला ते शोधावे, म्हणजे पुढच्या वेळी ते वळण ओळखता येते. मोहाला गुप्तता प्रिय असते, म्हणून तो जाणत्या सल्लागाराला सांगून टाकावा, असाही एक नियम तेथे आहे.

कृतीनंतर क्रम थांबत नाही. ऑगस्टीनने येशूने उठवलेल्या तीन मृतांची येथे सांगड घातली : घरातच असलेली याईराची मुलगी म्हणजे मनातले पाप, वेशीबाहेर नेला जाणारा नाईनचा तरुण म्हणजे कृतीतले पाप आणि चार दिवस कबरेत असलेला लाजरस म्हणजे सवय. तिन्ही मृतच, पण तिन्ही उठवले गेले. गोव्यातील खाजन शेतीचा, म्हणजे खाऱ्या पाण्यालगत बांध घालून केलेल्या शेतीचा, अनुभव येथे उपयोगी पडतो. खेकड्याच्या बिळातून बांध पाझरू लागला तर मूठभर चिखलाने तो बुजवता येतो. बांध फुटून खारे पाणी शेतात शिरले की मात्र, बांध पुन्हा घातल्यावरही, जमिनीतला खार पावसाच्या पाण्याने धुऊन निघेपर्यंत भात नीट येत नाही. कॅथलिक शिकवणीनुसार क्षमा मिळाल्यावरही पापाने लावलेला कल उरतो आणि त्यासाठी प्रायश्चित्त व साधना लागते, ती याच अर्थाने.

या शिकवणीला उपासनेच्या वर्षात ठरलेली जागा आहे. कार्निव्हल संपून राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरपूर्व उपवासकाळाचा पहिला दिवस, येतो, आणि त्यानंतरच्या पहिल्या रविवारी गोव्यातील इगर्जींत रानातील मोहाचे शुभवर्तमान वाचले जाते. उपवासकाळात ईस्टरपूर्वी भाविक कुमसारासाठी, म्हणजे पापकबुलीसाठी, जातात. त्या वेळच्या पश्चात्तापाच्या प्रार्थनेत पाप न करण्याच्या निश्चयाबरोबर पापाचे निकट प्रसंग टाळण्याचाही निश्चय असतो : ती संगत, ती वेळ, ती जागा.