चांदी घातली की रेझिस्टन्स शून्य? एवढं सोपं नाहीये

घोडबंदर रोडच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा फॉरवर्ड आला, चांदी मिसळली की वस्तू साध्या टेंपरेचरलाच सुपरकंडक्टर होते, म्हणजे विजेला तिच्यात अडथळाच (रेझिस्टन्स) उरत नाही, म्हणून भाव चढतायत, आत्ताच घेऊन ठेवा. खाली लगेच कुणीतरी, चांदीच्या कड्याने अंगातली एनर्जी वाहती राहते. कडं हातात छान दिसतं, बाकी काही नाही. २०२३ मध्ये एलके-९९ या पदार्थाचा, साध्या टेंपरेचरचा सुपरकंडक्टर म्हणून, असाच गाजावाजा झालेला, महिन्याभरात फुगा फुटला. पण चांदी आणि सुपरकंडक्टरचं नातं खरंय, फक्त वेगळंच आहे.

गंमत म्हणजे साध्या टेंपरेचरला सगळ्यात चांगली कंडक्टर चांदी, पण कितीही थंड केली तरी ती स्वतः सुपरकंडक्टर झाल्याचं आजवर दिसलेलं नाही. आणि १९८७ मध्ये सापडलेलं वायबीसीओ, म्हणजे यिट्रियम, बेरियम, कॉपर आणि ऑक्सिजनचं काळं ठिसूळ सिरॅमिक, ९२ केल्विनच्या (साधारण उणे १८१ डिग्री सेल्सियस) आसपास रेझिस्टन्स सोडून देतं. लिक्विड नायट्रोजन ७७ केल्विनला उकळतो, म्हणजे थर्माकोलच्या डब्यात ओतला तरी काम भागतं.

आता खरी भानगड. भट्टीतून काढलेली वायबीसीओची पेलेट, म्हणजे पावडर दाबून भाजलेली चकती, मायक्रोस्कोपखाली बघितली तर एकसंध नसते, हजारो बारीक ग्रेन (क्रिस्टलचे कण) एकमेकांना चिकटलेले आणि प्रत्येकाचं तोंड भलतीकडे. ग्रेनच्या आत करंट मस्त पळतो, बोंब होते ती सांध्यावर. लोकल कितीही फास्ट असू दे, ठाण्याला ट्रान्स-हार्बर पकडायला पुलावर चढलं की माणूस अडकतोच ना, तसंच. सुपरकंडक्टरमध्ये करंट इलेक्ट्रॉनच्या जोड्या वाहतात. या मटेरियलमध्ये त्या जोड्यांचा कोहेरन्स लेंग्थ, म्हणजे जोडीचा साधारण पसारा, जेमतेम दीड नॅनोमीटर, आणि दुसऱ्या दिशेला तर त्याहून बराच कमी, त्यामुळे सांध्यात दोन-चार नॅनोमीटरची गडबड झाली तरी जोडीला ती ओलांडणं जड जातं. यालाच वीक लिंक म्हणतात.

चांदी इथे कामाला येते. ती क्रिस्टलच्या आत फारशी घुसत नाही, ग्रेनच्या मधल्या फटी आणि भोकं भरते. म्हणून टेंपरेचर आणि रेझिस्टन्सचा ग्राफ काढला तर रेझिस्टन्स कोसळायला लागतो ते टेंपरेचर जवळपास तेच राहतं, फक्त रेझिस्टन्स पूर्ण शून्य होईपर्यंतची खालची लांबलेली शेपटी आखडते, आणि पेलेट जास्त करंट पेलते. वरच्या टेंपरेचरचा रेझिस्टन्सही उतरतो, पण तो चांदीने दिलेला बाजूचा रस्ता, सुपरकंडक्टिव्हिटीशी त्याचा संबंध नाही! आणि प्रमाण फार वाढवलं तर सुपरकंडक्टरच कमी पडतो.

माझा सगळ्यात आवडता भाग ऑक्सिजनचा. वायबीसीओच्या फॉर्म्युल्यात ऑक्सिजनचे अणू सरासरी ६.९ च्या आसपास असतील तर ९० केल्विनला सुपरकंडक्टिव्हिटी मिळते, ६.६ ला साधारण ६०, अजून उतरला की सुपरकंडक्टिव्हिटीच गायब. म्हणून पेलेट ४००-५०० डिग्रीला ऑक्सिजनमध्ये शेकतात. बरेच धातू अशा वेळी सिरॅमिकशी रिअॅक्ट होऊन त्याचा ऑक्सिजनच ओढून घेतात, पण गरम चांदी तसं करत नाही आणि वर ऑक्सिजनला स्वतःतून आरपार जाऊ देते. म्हणूनच बिस्मथवाल्या, म्हणजे अशाच दुसऱ्या एका सिरॅमिक सुपरकंडक्टरची पावडर चांदीच्या नळीत भरून, ओढून, चपटी करून टेप बनवतात. जर्मनीत एसेन शहरात २०१४ मध्ये टाकलेली १ किलोमीटरची केबल अशाच टेपची. नव्या टेपमध्ये सिरॅमिकवर चांदीचा एक-दोन मायक्रॉनचाच थर असतो, त्यावर कॉपर चढवतात.