ही पोरं पळून का जात नाहीत?

मागच्या हिवाळ्यात पारोळ्याला घरी होतो. रात्री लॅपटॉपवर ‘नेव्हर लेट मी गो’ हा २०१० सालचा इंग्रजी सिनेमा लावला, तर शेजारचे आप्पाही येऊन बसले. मी मधूनमधून गोष्ट सांगत होतो. इंग्लंडमधली एक निवासी शाळा, गुणी पोरं, पण सगळी क्लोन. मोठी झाली की त्यांचे अवयव एकेक करून काढायचे. तिसऱ्या-चौथ्या वेळेपर्यंत जीव जातोच. हे त्यांना ठाऊक असतं. पुढे ती गाडीतून गावोगाव हिंडतात, समुद्र बघून येतात, आणि मुकाट परततात.

आप्पांना राहवेना. “ह्या पोरे पयी का बरं नही जातस?”

सिनेमाच्या सुरुवातीला एक पाटी येते : १९५२ साली वैद्यकात मोठा शोध लागला आणि १९६७ पर्यंत सरासरी आयुर्मान शंभरीपार गेलं. हा इतिहास अर्थातच काल्पनिक. पण आप्पांच्या प्रश्नावरचा एक गाजलेला प्रयोग खऱ्याखुऱ्या १९६७ मध्येच छापून आला, हा योगायोग मला फार आवडतो.

अमेरिकेत मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांना विजेचे झटके दिले. (आज असा प्रयोग करायला कुणी परवानगी देणार नाही.) एका गटातल्या कुत्र्याने डोक्याने फळी दाबली की झटका थांबे. दुसऱ्या गटाला झटके तेवढेच, पण थांबवणं त्यांच्या हाती नाही. मग सगळ्यांना अशा पेटीत सोडलं, की मधला आडोसा ओलांडला की सुटका. दुसऱ्या गटातल्या आठपैकी सहा कुत्र्यांनी प्रयत्न जवळपास सोडूनच दिला. झटके सोसत पडून राहिली. याला नाव पडलं ‘शिकलेली असहायता’.

मी हे सांगितल्यावर आप्पा हसले. त्यांचा म्हातारा बैल तसाच आहे. दावं सोडून नुसतं खुंट्यावर टाकलं, तरी रात्रभर हलत नाही.

गोष्ट इथे संपली असती तर सोपं होतं. पण पन्नासेक वर्षांनी, २०१६ मध्ये, याच दोघांनी आपलाच निष्कर्ष उलटा केला. मधल्या काळात उंदरांच्या मेंदूत डोकावता आलं होतं. झटके लांबले की मेंदूच्या देठातला पेशींचा एक पुंजका सेरोटोनिन नावाचं रसायन सोडतो आणि जनावर थिजतं. हे शिकावं लागत नाही, ते उपजतच असतं. शिकावं लागतं ते दुसरंच : ‘माझ्या करण्याने फरक पडतो’ हे. तो अनुभव आला की कपाळामागचा भाग त्या पुंजक्याला आवर घालतो. एकदा असा अनुभव घेतलेला उंदीर पुढे हाताबाहेरच्या संकटातही सहज थिजत नाही.

हार मानण्याचा हिशेब कोण ठेवतं, हे २०१९ मध्ये झेब्रा माशाच्या पिल्लांत दिसलं. पिल्लू पारदर्शक, त्यामुळे मेंदू चालताना बघता येतो. त्याच्याभोवती पडद्यावरचं दृश्य असं ठेवलं, की कितीही पोहलं तरी आपण जागचे हललो असं त्याला वाटू नये. थोडा वेळ धडपडून ते थांबलं. वाया गेलेल्या धडपडीची बेरीज ठेवत होत्या ग्लिया पेशी, ज्यांना आपण इतकी वर्षं मेंदूतल्या चेतापेशींच्या नुसत्या मदतनीस समजत होतो. त्या पेशी निकामी केल्या, तर पिल्लू पोहतच राहिलं.

आता त्या शाळेतल्या पोरांकडे बघा. त्यांना कुणी मारझोड केली नव्हती. उलट लाडच झाले. फक्त आपल्या करण्याने काही बदलतं हे बघायची एकही संधी मिळाली नाही, म्हणून १९६७ पेक्षा २०१६ चं उत्तर मला त्यांना जास्त लागू वाटतं. अर्थात उंदरावरून माणसावर उडी मारताना जपूनच मारावी. माणूस गप्प बसतो तो कधी पोटासाठी, कधी मागे राहणाऱ्यांसाठी.

आणि तोंडाने ‘नशीब’ म्हणणारा प्रत्येक जण हरलेला असतो असंही नाही. त्या साली आप्पांची कपाशी बोंडअळीने खाल्ली होती. “नशीबमा जे व्हतं ते व्हयनं,” एवढं म्हणून त्यांनी पऱ्हाट्या उपटल्या आणि गहू पेरला होता. सिनेमा संपला तेव्हा अकरा वाजून गेले होते. त्या आठवड्यात शेतीची लाइट रात्रीची होती. आप्पांनी कानाला मफलर गुंडाळला, माझ्याकडची बॅटरी मागून घेतली आणि मोटर चालू करायला वावराकडे निघाले.