आत्मसंरक्षणाचे काडतूस

आत्मसंरक्षणाचे काडतूस : स्वसंरक्षणासाठी बाळगलेल्या पिस्तुलात वा रिव्हॉल्व्हरमध्ये भरावयाचे काडतूस. पुंगळी, पेटवणारी टोपी, दारू आणि गोळी हे काडतुसाचे चार घटक. निवडीचा वाद मात्र बहुतांशी गोळीभोवतीच फिरत आला आहे. सरावासाठी सामान्यतः पूर्ण कवचाची गोळी वापरतात. तिच्या शिशाच्या गाभ्यावर तांब्याच्या मिश्रधातूचे आवरण असते व शरीरात शिरल्यावर तिचा आकार फारसा बदलत नाही. आत्मसंरक्षणासाठी बहुतेक जाणकार पोकळ टोकाची गोळी सुचवतात. टोकाच्या खळग्यात ओल्या ऊती दाबाने शिरतात, टोक उलगडते आणि गोळीचा व्यास साधारण दीडपट होतो. त्यामुळे जखम रुंद होते, गोळीचा वेग लवकर ओसरतो आणि ती आरपार जाऊन पलीकडच्या त्रयस्थाला लागण्याचा धोका घटतो.

उगम : प्रसरण पावणाऱ्या गोळीचा उगम सर्रास कोलकात्याजवळच्या दमदम येथील शस्त्रागाराशी जोडला जातो. हे मत अर्धेच खरे मानावे लागते. शिकारीच्या ‘एक्सप्रेस’ रायफलींसाठी पोकळ टोकाच्या शिशाच्या गोळ्या १८७० च्या दशकातच प्रचारात होत्या. दमदमला घडले ते वेगळे. ११.४ मिमी. व्यासाच्या मार्टिनी-हेन्री रायफलीच्या जागी ब्रिटिश सैन्याने ७.७ मिमी.ची (.३०३ इंच) रायफल घेतली. तिची सु. १४ ग्रॅम वजनाची पूर्ण कवचाची गोळी शत्रूला जागीच थांबवत नाही, अशी तक्रार १८९५ च्या चित्रळ (हल्ली पाकिस्तानात) मोहिमेनंतर वाढली. त्यावर उपाय म्हणून शस्त्रागाराचे अधीक्षक कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले यांनी टोकाचे कवच काढून थोडे शिसे उघडे ठेवलेली गोळी सिद्ध केली. तिचा काळ १८९५ ते १८९७ यांदरम्यान धरतात. म्हणजे मूळची ‘दमदम’ गोळी मऊ टोकाची होती, पोकळ टोकाची नव्हे. पोकळ टोकाच्या लष्करी गोळ्या (मार्क ३ ते ५) इंग्लंडमध्ये वुलिचला तयार झाल्या; त्यांपैकी मार्क ४ गोळ्या १८९८ मध्ये सूदानमधील ओमदुर्मानच्या लढाईत वापरल्या गेल्या. वृत्तपत्रांनी दोन्हींना एकच नाव दिले, ते आजतागायत चिकटून आहे. जर्मन शल्यविशारद पाउल फोन ब्रुन्स यांच्या प्रयोगांमुळे या गोळ्यांविरुद्ध यूरोपात मोठा गहजब झाला. ते प्रयोग बरेच अधिक शिसे उघडे असलेल्या शिकारी गोळ्यांवर केलेले होते, हा ब्रिटिशांचा आक्षेप तांत्रिक दृष्ट्या रास्त दिसतो.

हातात धरण्याच्या शस्त्रांतही हा प्रयत्न त्याच सुमारास झाला. वेब्ली रिव्हॉल्व्हरसाठी १८९८ मध्ये आलेली .४५५ मार्क ३ ही सपाट, खोलगट टोकाची गोळी ‘मॅनस्टॉपर’ म्हणून ओळखली जाई. ती लवकरच सैन्यातून मागे घेण्यात आली. कारण २९ जुलै १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने मानवी शरीरात सहज पसरणाऱ्या वा चपट्या होणाऱ्या गोळ्या युद्धात वर्ज्य ठरवल्या. हा जाहीरनामा करणाऱ्या हेग परिषदेत ब्रिटन व अमेरिका यांनी विरोध केला. ब्रिटनने १९०७ मध्ये जाहीरनामा स्वीकारला. हे बंधन राष्ट्रांमधील युद्धापुरते आहे. पोलीस व नागरिक यांना कोणती गोळी चालते, हे त्या त्या देशाचा कायदा ठरवतो. सैनिकाला निषिद्ध असलेली गोळी पोलिसाच्या कमरेला कशी, हा वारंवार विचारला जाणारा प्रश्न या भेदाकडे दुर्लक्ष झाल्याने उद्भवतो.

व्यास की वेग : फिलिपीन्समध्ये .३८ रिव्हॉल्व्हर अपुरे पडल्याच्या तक्रारींनंतर अमेरिकी सैन्याचे अधिकारी थॉम्पसन व लगार्ड यांनी १९०४ मध्ये शिकागोच्या कत्तलखान्यांतील जनावरांवर व मृतदेहांवर गोळ्या झाडून पाहिल्या आणि .४५ पेक्षा (११.४ मिमी.) कमी व्यास नसावा, अशी शिफारस केली. जनावरे मोजकी होती आणि गोळ्यांची संख्या व त्यांमधील वेळ सारखी नव्हती, तरी या प्रयोगांचा दबदबा दीर्घकाळ टिकला. १९६० च्या दशकात अमेरिकेत काडतूस-उत्पादक ली जुरास यांच्या ‘सुपर व्हेल’ काडतुसांनी हलक्या, वेगवान पोकळ गोळीची लाट आणली आणि पारडे वेगाकडे झुकले.

ते पुन्हा फिरले एका घटनेने. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामी येथील चकमकीत अमेरिकेच्या संघीय अन्वेषण विभागाचे (एफबीआय) दोन अधिकारी मारले गेले. एका हल्लेखोराच्या दंडातून छातीत शिरलेली ९ मिमी. गोळी ठरल्याप्रमाणे पसरली, पण हृदयाच्या अलीकडेच थांबली. तो त्यानंतरही गोळ्या झाडत राहिला. लष्करी शल्यविशारद मार्टिन फॅक्लर यांच्या मतांचा प्रभाव असलेल्या पुढील चर्चेतून खोलीची कसोटी रुजली: शरीरातील ऊतींच्या जागी वापरल्या जाणाऱ्या १० टक्के जिलेटिनाच्या ४° से. तापमानाच्या ठोकळ्यात गोळीने किमान ३० सेंमी. शिरावे आणि ४५ सेंमी.पलीकडे जाऊ नये. ठोकळ्यापुढे जाड कपडे, भिंतीचा जिप्समचा तक्ता, प्लायवुड, पोलादी पत्रा व मोटारीची काच ठेवूनही चाचणी घेतात. यांपैकी कपडे सर्वांत फसवे, कारण धाग्यांनी खळगा बुजला की पोकळ गोळी साध्या गोळीसारखीच वागते.

प्रत्यक्ष गोळीबारांच्या नोंदींवरून ‘एका गोळीत थांबण्याचे’ शेकडेवार प्रमाण काढणारा मार्शल व सॅनो या अमेरिकी लेखकांचा पक्षही १९९० च्या दशकात लोकप्रिय होता. परंतु त्यात एकाहून अधिक गोळ्या लागलेल्या घटना वगळलेल्या असल्याने निष्कर्ष एका बाजूला झुकतात, आणि माणूस वेदनेने किंवा भीतीने थांबला की शरीर निकामी झाल्याने, हेही कळत नाही. खोलीची कसोटी त्यामानाने भक्कम वाटते. तरी जिलेटिनाला हाडे नसतात, याचा विसर पडू नये.

निवडीची अंगे : शस्त्रात न अडकणे ही पहिली अट. गोल टोकाच्या गोळीसाठी बनवलेल्या जुन्या पिस्तुलांत पोकळ टोक कोठीच्या (नळीच्या मागील, काडतूस बसण्याच्या जागेच्या) तोंडाशी अडते. म्हणून निवडलेली काडतुसे त्याच शस्त्रातून पुरेशा संख्येने झाडून पाहतात.

नळी आखूड असली की वेग घटतो. ५ सेंमी. नळीच्या .३८ रिव्हॉल्व्हरमधून निघालेली पोकळ गोळी पुष्कळदा पसरतच नाही. त्यामुळे काही जाणकार तेथे सपाट तोंडाची शिशाची ‘वॉडकटर’ गोळी पसंत करतात. .२५, .३२ अशा लहान काडतुसांत प्रसरणाची किंमत खोलीने चुकवावी लागते, म्हणून पूर्ण कवचाची गोळी सुचवणारा पक्ष तेथे प्रबळ आहे. ९ मिमी.मध्ये ७.५ ते ९.५ ग्रॅम वजनाच्या गोळ्या मिळतात व आधुनिक बनावटीच्या बहुतेक कसोटीला उतरतात. ‘+पी’ खुणेच्या काडतुसात दाब जास्त असतो (९ मिमी.त सु. १० टक्के), झटका आणि झीज वाढते, आणि जुन्या शस्त्रांना ते मानवेलच असे नाही. अंधारात डोळे दिपू नयेत म्हणून कमी ज्वाळेची दारू वापरतात.

एक बाब बाळगणाऱ्यांकडूनही दुर्लक्षिली जाते. पिस्तूल रोज रिकामे करून तेच काडतूस पुन्हा कोठीत सरकवत राहिल्यास गोळी पुंगळीत मागे दबते. आतली जागा कमी होऊन झाडताना दाब धोकादायक पातळीला जाऊ शकतो. लांबीने कमी भरणारे असे काडतूस झाडू नये, बाजूला काढावे.