मॉडर्न वॉरफेअर २ : गुणदोष आणि नागपुरातील खेळ

'कॉल ऑफ ड्यूटी : मॉडर्न वॉरफेअर २' हा इन्फिनिटी वॉर्ड या अमेरिकी कंपनीने बनवलेला युद्धविषयक व्हिडिओ गेम. ॲक्टिव्हिजन कंपनीने तो १० नोव्हेंबर २००९ रोजी विंडोज, एक्सबॉक्स ३६० आणि प्लेस्टेशन ३ यांसाठी बाजारात आणला. खेळणाऱ्याला सगळे सैनिकाच्या डोळ्यांनी दिसते आणि बंदूक त्याच्याच हातात असते. २००७ च्या 'कॉल ऑफ ड्यूटी ४ : मॉडर्न वॉरफेअर' या खेळाचा हा थेट पुढचा भाग. २०२२ मध्ये जवळजवळ याच नावाचा, पण नव्याने मांडलेल्या कथेचा दुसरा खेळ निघाला. तो या नोंदीचा विषय नाही.

अमेरिका आणि ब्रिटन मिळून पहिल्याच दिवशी या खेळाच्या सुमारे ४७ लाख प्रती खपल्या. पाच दिवसांतली जगभरची विक्री ५५ कोटी डॉलरच्या घरात गेली आणि जानेवारी २०१० पर्यंत तिने १०० कोटी डॉलरचा टप्पा ओलांडला. दृश्ये, आवाज आणि कथेचा वेग यांत हा भाग आधीच्या भागाला मागे टाकतो. मात्र संगणकावर खेळणाऱ्यांच्या हाती तोवर असलेला सर्व्हर (सगळ्यांचा डाव जोडून चालवणारा संगणक) त्याने काढून घेतला आणि लॅनवरचा, म्हणजे एकाच जागच्या संगणकांना तारेने जोडून इंटरनेटशिवाय चालणारा, खेळ बंद केला. ज्या शहरांत कॉल ऑफ ड्यूटी कॅफेत आणि होस्टेलच्या खोल्यांत वाढला, तिथे हा घाव खोल बसला. नागपूर हे त्यांतलेच एक.

कथानक

काळ २०१६ चा. पहिल्या भागात मारला गेलेला इम्रान झखाएव आता रशियात हुतात्मा ठरला आहे आणि त्याचा चेला व्लादिमीर मकारोव्ह दहशतीचा कारभार चालवतो. जनरल शेफर्ड जोसेफ ॲलन या तरुण अमेरिकी सैनिकाला मकारोव्हच्या टोळीत घुसवतो. मॉस्कोच्या विमानतळावर ही टोळी प्रवाशांचे हत्याकांड करते आणि जाताना ॲलनला ठार मारून त्याचे प्रेत मागे ठेवते. रशियाचा समज होतो की हे अमेरिकेचे काम, आणि रशियन फौजा थेट अमेरिकेत उतरतात. दुसरीकडे 'टास्क फोर्स १४१' या पथकातले सोप, रोच आणि घोस्ट मकारोव्हचा माग काढत रिओच्या झोपडपट्टीत आणि तिथून रशियातल्या एका तुरुंगात पोहोचतात. तिथला कैदी क्रमांक ६२७ म्हणजे पहिल्या भागातला कॅप्टन प्राइस. शेवटी शेफर्डच उलटतो, रोच आणि घोस्टला स्वतःच्या हाताने मारतो, आणि सोप व प्राइस त्याचा हिशेब चुकता करतात.

जमेची बाजू

या खेळाची खरी ताकद बघायची तर 'क्लिफहँगर' ही मोहीम खेळावी. स्थळ कझाकस्तानातला तिआन शान पर्वत. समोर बर्फाची उभी भिंत आणि दोन्ही हातांत कुऱ्हाडी. संगणकावर माउसची डावी-उजवी बटणे आळीपाळीने दाबली की एकेक कुऱ्हाड बर्फात रुतते. घाई केली तर लय चुकते. वर पोहोचता पोहोचता रोच, म्हणजे आपण, घसरतो आणि सोप त्याचा हात धरतो. पुढे शत्रूचा विमानतळ लागतो आणि वादळ इतके दाटते की दहा पावलांपलीकडचे दिसत नाही. रायफलवर हृदयाचे ठोके टिपणारे एक यंत्र बसवलेले असते. त्याच्या छोट्या पडद्यावर पांढरा ठिपका उमटला की समजायचे, जवळ कोणीतरी आहे. सोप दुरून दुर्बिणीतून पाहतो आणि कोण कुठे उभा आहे ते रेडिओवर सांगत राहतो. वादळ थोडे निवळले की पहारेकऱ्याची पाठ दिसते, पुन्हा दाटले की तो नाहीसा होतो. लपतछपत जाण्याचा ताण इतक्या साध्या साधनांनी क्वचितच कोणत्या खेळाने साधला असेल. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना कूलरच्या वाऱ्यात बसून ही मोहीम खेळलेल्या नागपूरच्या पोरांना आजही त्या बर्फाचा आवाज आठवतो.

दुसरी मोठी जागा वॉशिंग्टनची. प्राइस पाणबुडीवरून क्षेपणास्त्र सोडतो, ते अमेरिकेच्या आकाशात उंचावर फुटते आणि खाली शहरातली सगळी विद्युतयंत्रणा क्षणात बंद पडते. हेलिकॉप्टर दगडासारखी कोसळू लागतात. बंदुकीवरच्या दुर्बिणीतला लाल ठिपकाही विझतो. एवढ्या बारकाव्यापर्यंत बनवणाऱ्यांनी विचार केला आहे. तोवर कानठळ्या बसवणारा खेळ इथे एकदम गप्प होतो. मुख्य संगीत हान्स झिमर यांचे आहे आणि खेळ कुठे थांबायचे ते ओळखतो.

'स्पेशल ऑप्स' हा विभागही नवा. त्यात २३ छोट्या मोहिमा आहेत आणि त्या दोघांनी मिळून खेळता येतात. एकाने खाली धावायचे, दुसऱ्याने वरून विमानातल्या तोफेने त्याला वाट करून द्यायची, अशी त्यांतल्या एका मोहिमेची रचना आहे. एकमेकांशी बोलल्याशिवाय ती पार पडत नाही. नुसती नेमबाजी शिकवणारे खेळ पुष्कळ आहेत. सोबत्यावर भरवसा ठेवायला लावणारे थोडे.

नकाशांची, म्हणजे लढाईच्या मैदानांची, आखणी हा या खेळाचा सर्वांत टिकाऊ गुण म्हणावा लागेल. बाजारात आला तेव्हा मल्टिप्लेअरसाठी, म्हणजे अनेकांनी एकमेकांविरुद्ध खेळायच्या प्रकारासाठी, १६ नकाशे होते. 'टर्मिनल'मध्ये विमानतळाच्या दुकानांतून आणि उभ्या विमानातून वाट काढावी लागते. 'रस्ट' म्हणजे वाळवंटातला चिमुकला चौक आणि मधोमध एक मनोरा. 'अफगाण'मध्ये कोसळलेले विमान आणि त्यावर नजर ठेवणारे कडे. उंच जागा कोणाच्या ताब्यात, यावर डाव फिरतो. सीताबर्डीच्या दोन टेकड्या रोज पाहणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. नोव्हेंबर १८१७ च्या लढाईत अप्पासाहेब भोसल्यांच्या सैन्याने लहान टेकडी घेतली तेव्हा मोठ्या टेकडीवरच्या इंग्रजांची हीच पंचाईत झाली होती. 'अबे, वर बसला हाये तो, खिडकीत!' ही कॅफेतली आरोळी त्याच शहाणपणाची.

कथेतले दोष

विमानतळावरच्या हत्याकांडाची 'नो रशियन' ही मोहीम जगभर वादात सापडली. ब्रिटनच्या संसदेत तिच्यावर चर्चा झाली आणि रशियातल्या आवृत्तीतून ती वगळली गेली. जर्मनी आणि जपानमधल्या आवृत्तींत नागरिकांवर गोळी झाडली की खेळ तिथेच थांबतो. इतरत्र ही मोहीम सुरुवातीलाच टाळता येते आणि खेळताना एकही गोळी न झाडता पुढे चालता येते. एवढी मुभा देणे प्रामाणिकपणाचे आहे. अडचण वेगळीच. हाती बंदूक दिली आहे, गुन्हेगार समोर पाठ करून चालतो आहे, पण त्याच्यावर गोळी झाडली की मोहीम फसते. हत्याकांड थांबवू पाहणाऱ्याला खेळ वाटच ठेवत नाही आणि शेवटी ॲलन मरतो तो मरतोच. एवढा भयंकर प्रसंग उभा करायचा आणि खेळणाऱ्याच्या विवेकाला त्यात काही कामच द्यायचे नाही, हा लेखनाचा दोष आहे. वाद दृश्याच्या क्रौर्यावर झाला. तो या उणिवेवर व्हायला हवा होता.

पुढची कथाही सैल आहे. एका प्रेतावरून महायुद्ध पेटते आणि अख्खी फौज समुद्र ओलांडून अमेरिकेच्या दारात उभी राहते, तरी कोणाला सुगावा लागत नाही. एका उपग्रहातून चोरलेल्या यंत्राचा खुलासा दिला आहे, पण तो पुरत नाही. शेफर्डचा विश्वासघात मनाला लागतो तो रोच आणि घोस्टबद्दल वाटणाऱ्या मायेमुळे. त्याच्या स्वतःच्या हेतूला कथेने फारशी जागा दिलेली नाही. पाच-सहा तासांत सगळे संपते आणि दम घ्यायला उसंत मिळत नाही.

नागपूरकराच्या डोळ्यांना आणखी एक उणीव दिसते. कामठीत गार्ड्स रेजिमेंटल सेंटर, वायुसेनानगरात हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय आणि अंबाझरीला आयुध निर्माणी असलेले हे शहर आहे. युद्ध म्हणजे दारूगोळा बनवणे, विमाने दुरुस्त करणे, माल वेळेवर पोहोचवणे, हे इथल्या कित्येक घरांत माहीत असते. खेळात गोळ्या कोपऱ्यातल्या खोक्यातून मिळतात आणि भिंतीआड काही क्षण बसले की जखम भरते. खेळाला ही सूट घ्यावीच लागते. पण हा खेळ आपल्या फौजी थाटाचा इतका गाजावाजा करतो की फौजेच्या या मोठ्या अंगाचा त्यात मागमूसही नसणे खटकते.

मल्टिप्लेअरचे गणित

मल्टिप्लेअरमध्ये सलग मारलेल्या शत्रूंबद्दल बक्षिसे आहेत. ७ जणांना मारले की हॅरियर विमान, ११ झाले की हेलिकॉप्टरची तोफ, २५ झाले की अणुबॉम्ब आणि त्यासरशी डाव संपतो. हॅरियरने मारलेलेही पुढच्या मोजणीत धरले जातात, गोची इथेच आहे. म्हणजे पहिले ७ स्वतः मारायचे, पुढचे ४ विमानाने आणि उरलेले १४ हेलिकॉप्टरने. हातात बंदूक धरून लढण्याचे काम सातव्या बळीलाच संपते आणि समोरच्या संघाला उघड्यावर पाय ठेवता येत नाही. शिवाय ग्रेनेड लाँचर पुन्हा पुन्हा भरून घेण्याची पळवाट, लांबून सुरा मारू देणारी 'कमांडो' सवलत आणि दोन हातांत धरलेल्या मॉडेल १८८७ शॉटगनचा अचाट पल्ला. शॉटगनचा दोष कंपनीने नंतर दुरुस्त केला, बाकीचे बरेच तसेच राहिले. तरीही बंदुकांची निवड, त्यांवर बसवायची साधने आणि एकेक पायरी चढत नवे काही उघडत जाण्याची गोडी इतकी होती की माणसे हे सगळे सोसून खेळत राहिली.

सर्व्हर, लॅन आणि नागपूर

आधीच्या भागात संगणकावर कोणालाही स्वतःचा सर्व्हर चालवता येई. नियम आपले, नकाशा आपला, फसवेगिरी करणाऱ्याला बाहेर काढायचा अधिकार आपला. एका सर्व्हरवर ६४ जण खेळू शकत. ऑक्टोबर २००९ मध्ये, खेळ येण्याच्या काही आठवडे आधी, कळले की नव्या भागात हे काही नसेल. त्याऐवजी 'आयडब्ल्यूनेट' ही कंपनीची जुळवणी यंत्रणा असेल. ती खेळणाऱ्यांपैकीच एकाचा संगणक होस्ट म्हणून निवडेल. एका डावात जास्तीत जास्त १८ जण. स्वतःचे बदल घालायची सोय नाही, खेळातच आदेश टाइप करायची सोय नाही, भिंतीआडून वाकून डोकावण्याचीही सोय नाही. विरोधाच्या ऑनलाइन अर्जावर लाखाहून जास्त सह्या झाल्या. कंपनी बधली नाही.

होस्ट ज्याचा, फायदा त्याचा. त्याला लॅग, म्हणजे जोडणीतला उशीर, नाही. इतरांना त्याच्यापर्यंतच्या अंतराएवढा. होस्ट डाव सोडून गेला की सगळ्यांचा खेळ थांबतो आणि नवा होस्ट शोधला जातो. जिथे खेळणारे दाट आहेत तिथे हे चालून जाते. भारतात तेव्हा होस्ट बहुतेक वेळा दूरदेशीचा मिळे आणि पिंगच्या (संदेश जाऊन यायला लागणाऱ्या वेळेच्या) हिरव्या रेघा पिवळ्या-लाल होत.

नागपुरात त्या काळी सीताबर्डी, धरमपेठ, नंदनवन भागांतल्या सायबर कॅफेत आणि हिंगणा रोडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या होस्टेलांत आठ-दहा संगणक एका नेटवर्क स्विचला जोडलेले असत. काउंटर-स्ट्राइक १.६ आणि कॉल ऑफ ड्यूटी ४ हे तिथले ठरलेले खेळ. इंटरनेट लागतच नसे. एका संगणकावर सर्व्हर चालू केला की बाकीचे लगेच जोडले जात आणि पिंग शून्याच्या जवळ. नव्या भागात शेजारच्या खुर्चीवरच्या मित्राशी खेळायलाही प्रत्येकाचे स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानाचे वेगळे खाते आणि चालू इंटरनेट हवे. खेळाला संगणकावर सुमारे १२ जीबी जागा लागे आणि डिस्क विकत आणली तरी तो सुरू करायला स्टीमची परवानगी घ्यावी लागे. बीएसएनएलच्या ब्रॉडबँडवर रात्री दोन ते सकाळी आठ मोफत डाउनलोडची सवलत असे. मोठ्या फायली त्या वेळेतच उतरवायच्या. उन्हाळ्यात वीज गेली की मधले काम वाया.

परिणाम सरळ होता. कॅफेवाल्यांनी जुनाच भाग चालू ठेवला आणि नवा भाग घरी, एकट्याने, स्टोरी मोडपुरता खेळला गेला. ज्या पोरांनी पहिल्या भागात एका खोलीत आरडाओरडा करत एकमेकांना हरवले होते, त्यांच्यासाठी 'टर्मिनल' आणि 'रस्ट' हे व्हिडिओत पाहायचे नकाशे झाले. कंपनीच्या हिशेबात हे नुकसान दिसत नाही, कारण विक्री वाढलीच. पण खेळ कोणी कोणाबरोबर खेळायचा हे खेळणाऱ्यांनी ठरवावे, ही साधी गोष्ट इथे मोडली, आणि या भागाचा सर्वांत मोठा दोष म्हणून तीच नोंदवायला हवी.

चाहत्यांनी पुढे स्वतंत्र सर्व्हर जोडणाऱ्या अनधिकृत आवृत्त्या बनवल्या. ॲक्टिव्हिजनने त्यांना कायदेशीर नोटिसा पाठवल्या. २०२३ मध्येही अशी एक आवृत्ती बंद करवली गेली.

पुढील वाटचाल

मार्च २०१० मध्ये इन्फिनिटी वॉर्डचे प्रमुख जेसन वेस्ट आणि विन्स झँपेला यांना ॲक्टिव्हिजनने काढून टाकले आणि बरेच सहकारी त्यांच्यामागे बाहेर पडले. त्यांनी रिस्पॉन ही कंपनी काढली. कोर्टातले भांडण २०१२ मध्ये मिटले. तिसरा भाग स्लेजहॅमर कंपनीच्या मदतीने पुरा करून नोव्हेंबर २०११ मध्ये आणला गेला. त्यात जखमी सोपला उपचारांसाठी हिमाचल प्रदेशात आणलेले आहे आणि भारतीय खेळणाऱ्यांना तो प्रसंग विशेष आवडला. २०२० मध्ये दुसऱ्या भागाची स्टोरी मोड नव्या रूपात आली, पण मल्टिप्लेअर त्यात नव्हते.

ऑक्टोबर २०१९ मध्ये आलेल्या कॉल ऑफ ड्यूटी मोबाइलमध्ये 'टर्मिनल', 'रस्ट', 'हायराइज' आणि 'स्क्रॅपयार्ड' हे या भागातले नकाशे घेतले आहेत. आज नागपुरात कॉलेजच्या कट्ट्यावर चौघे मिळून फोनवर जे नकाशे खेळतात, त्यांतले कित्येक २००९ चे आहेत. तेही कंपनीच्याच सर्व्हरवरून चालतात. मोबाइल डेटा स्वस्त झाल्यामुळे एवढेच झाले की जोडणी आता तुटत नाही.