कारकीर्द-समाधान (माहिती तंत्रज्ञान व्यवसाय)

आपल्या व्यावसायिक वाटचालीचे स्वतःच्याच अपेक्षांच्या मापाने केलेले मूल्यमापन. नोकरी-समाधान हातातल्या कामापुरते असते. कारकीर्द-समाधानात सोडलेल्या नोकऱ्या, हुकलेली बढती आणि पुढची उमेद हेही येते. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातून पुण्या-बेंगळूरला गेलेल्या संगणक अभियंत्यांच्या बाबतीत ही दोन मापे वेगळी ठेवावी लागतात.

नोकरी-समाधानाच्या पद्धतशीर अभ्यासाचा आरंभ बहुधा रॉबर्ट हॉपॉक यांच्या १९३५ च्या पाहणीपासून धरतात. मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग व सहकाऱ्यांनी (१९५९) पिट्सबर्ग परिसरातील सुमारे २०० अभियंते व लेखापालांना कामावरचे चांगले-वाईट प्रसंग विचारून घेतलेल्या मुलाखतींवरून पगार, धोरणे, देखरेख यांचा संबंध मुख्यतः नाराजीशी, तर कामगिरी व मान्यता यांचा समाधानाशी जोडला. या पद्धतीवरचा आक्षेप मात्र वजनदार आहे: चांगल्या प्रसंगाचे श्रेय माणूस स्वतःकडे घेतो आणि वाईटाचा दोष परिस्थितीवर टाकतो.

संगणक क्षेत्रातील माणसे स्वभावतःच निराळी असतात काय, हा वाद जुना आहे. कूगर व झवाकी (१९८०) यांना त्यांच्यात वाढीची ओढ जास्त आणि माणसांत मिसळण्याची गरज कमी आढळली. फेरॅट व शॉर्ट (१९८६) यांनी इतर विभागांतील कर्मचाऱ्यांशी तुलना केली, तेव्हा हा भेद फारसा टिकला नाही. एडगर शाइन यांची ‘कारकीर्द-नांगर’ (करिअर अँकर: निवड करावी लागली तरी माणूस जे सोडत नाही असा मूळ कल) ही कल्पना अधिक उपयोगी दिसते. तिच्या आधारे इग्बारिया, ग्रीनहाउस व परशुरामन (१९९१) यांनी माणसाचा कल आणि कामाचे स्वरूप जुळले तर समाधान वाढते असे दाखवले. कोडमध्ये रमणाऱ्याला बढती म्हणून ‘मॅनेजर’ केले की पगार वाढूनही तो का कुढतो, हे यावरून उलगडते.

मापनासाठी ग्रीनहाउस, परशुरामन व वर्मली यांची १९९० ची पाच विधानांची पट्टी रूढ आहे. मिळवलेले यश, एकूण उद्दिष्टांकडे झालेली प्रगती, उत्पन्न, बढती आणि नवी कौशल्ये या प्रत्येकाला १ ते ५ गुण देतात. बेरीज ५ ते २५ येते. नुसती बेरीज फसवते. जुन्या प्रणालीच्या देखभालीच्या (सपोर्ट) प्रोजेक्टवर अडकलेला अभियंता ३, ३, ५, ४, १ असे गुण देईल आणि नवख्या कंपनीतला ३, ३, ३, ३, ४. दोघांचे १६ च भरतात, पण पहिल्याची अडचण शेवटच्या विधानात लपलेली असते. म्हणून विधानवार गुण नोंदवावेत. उत्पन्नाचे विधान विचारताना आधार सीटीसीचा (कंपनीने दाखवलेल्या एकूण वार्षिक खर्चाचा) की हातात पडणाऱ्या पगाराचा, हे आधी ठरवावे: सीटीसीत मालकाचा भविष्यनिर्वाह निधी, मूळ वेतनाच्या ४.८१ टक्के धरलेली ग्रॅच्युइटी आणि हमी नसलेला बदलता हिस्साही मोजलेला असतो. अप्रायझलची (वार्षिक कामगिरी-मूल्यमापनाची) पत्रे वाटल्याच्या आठवड्यात प्रश्नावली भरून घेतली की उत्तरे पगारवाढीभोवतीच फिरतात. शिवाय कंटाळून क्षेत्र सोडलेले लोक नमुन्यात येतच नाहीत आणि सरासरी फुगते.

बेळगावात गोगटे इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी हे अभियांत्रिकी महाविद्यालय (१९७९) आणि विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ (१९९८) यांमुळे शिक्षणाची सोय घराजवळ झाली. काम मात्र बाहेरच राहिले. उद्यमबाग या इथल्या औद्योगिक वसाहतीचा कणा फाउंड्री आणि मशीनशॉप हा आहे. कर्नाटक राज्य सेवेतील भरतीला कन्नडची परीक्षा लागते. इंग्रजीत चालणारे संगणकाचे काम मराठी माध्यमातल्या मुलांना त्यामानाने मोकळे वाटते. पुणे सुमारे ३४० आणि बेंगळूर सुमारे ५०० किलोमीटर, दोन्ही एकाच महामार्गावर. निवड करताना पॅकेजइतकीच भाषा, नातलग आणि गणपतीला गावी पोचता येईल का हे पाहिले जाते. पट्टीच्या पाचही विधानांत यातले काहीच बसत नाही, म्हणून या भागात ती वापरताना घर व गाव यांविषयी वेगळा प्रश्न जोडणे इष्ट.

मार्च २०२० नंतर घरून काम सुरू झाले तेव्हा अनेकजण गावी परतले. खानापूरच्या पश्चिमेकडील पावसाच्या पट्ट्यात वीज गेली की राउटर १२ व्होल्टच्या छोट्या यूपीएसवर चालू ठेवता येतो. पण इंटरनेट पुरवणाऱ्याची पुढच्या टोकाची यंत्रणाही बंद पडली तर जोडणी तुटतेच. कंपन्यांनी पुन्हा हजेरीचे दिवस ठरवल्यावर गावात राहण्याची सोय आणि बढती यांतून एकाची निवड करावी लागते. ९० दिवसांच्या नोटीस पिरियडमुळे नोकरी बदलणेही लांबते.