सीटच्या मागचं प्लास्टिक रंगवायचंय? आधी ते कुठलं प्लास्टिक आहे ते बघा

गाडीतल्या पुढच्या सीटच्या पाठीला जे कडक प्लास्टिकचं पॅनल असतं त्याची फार वाट लागते, मागे बसणाऱ्याचे बूट घासतात, बॅगांची बक्कलं लागतात आणि काही वर्षांत काळं-करडं पॅनल पांढऱ्या ओरखड्यांनी भरून जातं. मग लोक स्प्रे आणून रंग मारतात, सुरुवातीला पॅनल एकदम नवं दिसतं आणि नंतर नखाने जरा खरवडलं की पापुद्राच सुटून येतो. दोष रंगाला दिला जातो, पण बऱ्याचदा रंग चांगलाच असतो, खालचं प्लास्टिक त्याला धरतच नाही.

हे पॅनल बहुतेक वेळा पॉलिप्रोपिलीनचं (पीपी) किंवा एबीएसचं असतं आणि दोघांचा स्वभाव अगदी वेगळा आहे. पीपीच्या रेणूत फक्त कार्बन आणि हायड्रोजन, म्हणजे रंगाने पकडावं असं पृष्ठभागावर जवळपास काहीच नाही. त्याची पृष्ठऊर्जा, म्हणजे वरच्या द्रवाला ओढून पसरवायची ताकद, साधारण ३० मिलिन्यूटन प्रति मीटर, एबीएसची ४० च्या आसपास, आणि पाण्याचा पृष्ठताण ७२, म्हणून पीपीवर पाण्याचा थेंब पसरत नाही, गोळा होऊन बसतो. एबीएसमध्ये रंगाला पकडता येतील असे नायट्राइल (कार्बन-नायट्रोजनचे) गट असतात, शिवाय रंगातलं थिनर त्याला वरून किंचित विरघळवतं, त्यामुळे रंग आत घुसून बसतो. पण म्हणूनच एबीएस कधीही ॲसिटोनने पुसू नका, पृष्ठभागच वितळेल.

ओळखायचं कसं? पॅनल काढून आतल्या बाजूला बघा, बहुतेक वेळा PP किंवा ABS अशी प्लास्टिकच्या नावाची अक्षरं कोरलेली असतात. तुकडा पाण्यात टाकून बघायची युक्ती बरेच जण सांगतात, पीपी तरंगतं आणि एबीएस बुडतं म्हणून, पण इथे ती फसवू शकते. साध्या पीपीची घनता ०.९ आहे हे खरं, मात्र गाडीतल्या पीपीत कडकपणासाठी शंखजिऱ्याची पूड म्हणजे टाल्क घालतात, आणि २० टक्के टाल्क असलं की घनता १ च्या वर जाते आणि तेही बुडतं. कोरलेल्या अक्षरांवरच विश्वास ठेवा.

हे टाल्क त्या पांढऱ्या ओरखड्यांनाही कारणीभूत असतं. बूट घासला की वरचा थर ताणला जातो, टाल्कचे कण प्लास्टिकपासून सुटतात, त्यांच्याभोवती सूक्ष्म पोकळ्या तयार होतात आणि त्यांच्यावरून प्रकाश सगळीकडे विखुरला की आपल्याला पांढरं दिसतं. तो मळ नाहीच, मग कितीही क्लीनर मारा, जाणार कसा? हलके ओरखडे हीट गनने जपून गरम केले तर थोडे विरतात, खोल असतील तर नाही.

कारखान्यात पीपीचे बंपर रंगवायच्या आधी त्यांच्यावरून ज्योत किंवा प्लाझ्मा (विद्युतभारित वायूचा झोत) फिरवतात, त्याने पृष्ठभागाला ऑक्सिजनचे गट चिकटतात आणि रंगाला पकड मिळते. घरी त्याऐवजी ॲडहीजन प्रमोटर म्हणजे रंगाला पकड देणारा खालचा थर वापरायचा, ज्यात बहुतेक वेळा क्लोरिनेटेड पॉलिओलेफिन (पीपीच्याच घराण्यातलं, क्लोरीन जोडलेलं पॉलिमर) असतं, त्याची साखळी एकीकडे पीपीत गुंतते आणि क्लोरीनवाला भाग रंगाला धरतो. थर एकदम पातळ द्यायचा आणि डब्यावर दिलेल्या वेळेतच वरचा रंग मारायचा. हा थर टाळून नुसतं घासून काम होईल असं मला अजिबात वाटत नाही, पॉलिश पेपरने खाचा पडतात पण रसायन तेच राहतं, वर पीपी घासलं की त्याला लव सुटते. घासायचंच असेल तर बारीक पेपर नाहीतर करडा स्कॉच ब्राइट हलक्या हाताने.

त्याहीआधी सफाई. डॅशबोर्ड पॉलिशमधलं सिलिकॉन पॅनलवर राहिलं की रंगात गोल गोल खड्डे पडतात, पेंटर लोक त्याला फिशआय म्हणतात. घासायच्या आधीच साबणाच्या पाण्याने आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, नाहीतर सिलिकॉन खाचांमध्ये रगडलं जातं. पाणी ओतून सलग पसरतंय का बघायची टेस्ट पत्र्यासाठी ठीक आहे, उघडं पीपी अगदी स्वच्छ असलं तरी त्याच्यावर पाणी फुटून थेंब होणारच.

रंगाचे हात पातळ द्या, जाड थराने पॅनलचा दाणेदार पोत भरून जातो आणि ते स्वस्त दिसायला लागतं. हार्डनरवाला रंग जास्त टिकाऊ, पण त्यात आयसोसायनेट असतं, ते फुप्फुसांना वाईट, साध्या धुळीच्या मास्कने ते थांबत नाही, तो व्यावसायिक पेंटरकडूनच करून घ्यावा. आणि हाताला कोरडा लागला म्हणजे रंग पक्का झाला असं नाही, पॅनल परत बसवायची घाई नको.

रंगाऐवजी व्हिनाइल रॅप, म्हणजे चिकटवायची फिल्म, लावायची म्हटलं तर तिचा गोंदही पीपीवर तसाच नाखूश असतो, त्यात दाणेदार पोत असेल तर तो फक्त उंचवट्यांनाच टेकतो, म्हणजे चिकटायला जागा अजून कमी. रॅप गुळगुळीत पॅनलवर शोभतं. वळणं असतील तर कास्ट (द्रव ओतून बनवलेली) फिल्म घ्या, कॅलेंडर्ड (रोलरमधून दाबून काढलेली) फिल्म बनतानाच ताणलेली असते आणि उन्हात गाडी तापली की आक्रसून कडा उचलते. कडा पॅनलच्या मागे वळवून घ्या, गरम करताना मात्र जपून, एबीएस १०० अंशांच्या आसपास मऊ पडतं. रॅप पॅनलच्या कडेवरून सीटच्या शिवणीवर कधीच ओढू नका, कारण बऱ्याच गाड्यांमध्ये साइड एअरबॅग सीटच्या बाजूलाच असते आणि ती शिवण फाडून बाहेर येते, तिथे काहीही आडवं आलं तर चालत नाही.