खोकलाच नाही, मग टीबी कसला?

गावात तपासणीची गाडी आली की बीड-परभणीकडं हमखास ऐकू येतं: "मला कुठं खोकला हाय? माझा फोटो कशाला काढता?" दोन आठवडे खोकला असेल तरच टीबीची शंका, हे वर्षानुवर्षं भिंतीभिंतींवर रंगवलेलं. त्यामुळं खोकला नाही म्हणजे टीबी नाही, असा उलटा अर्थ रुजला. तो चूक आहे.

२०१९ ते २०२१ मध्ये देशभर टीबीचं सर्वेक्षण झालं. नुसती लक्षणं विचारून भागवलं असतं, छातीचा एक्स-रे काढला नसता, तर त्यातले ४२.६ टक्के रुग्ण निसटले असते. म्हणून आता एका माणसाला सहज नेता येईल असं एक्स-रे यंत्र गावागावात फिरवतात.

अर्थात एक्स-रेवर डाग दिसला म्हणजे टीबी ठरला असंही नाही. ती फक्त चाळणी. खरा निकाल बेडक्याच्या तपासणीत, शक्यतो टीबीच्या जंतूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या नॅट चाचणीत. आणि डबीत थुंकी नको, बेडका हवा. सकाळी उठल्यावर चूळ भरून, छातीतून खोकून काढलेला. बरेच नमुने इथंच वाया जातात.

घरात टीबीचा रुग्ण असेल, साखरेचा आजार असेल, वजन उतरत असेल, तर खोकल्याची वाट पाहू नका. ऊसतोडीला निघणाऱ्यांनी तर कोयता उचलण्याआधीच तपासून घ्यावं. मोहीम येते तेव्हा निम्म्या वस्तीला कुलूप असतं. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधं फुकट, शिवाय उपचार चालू असेपर्यंत आहारासाठी महिन्याला १,००० रुपये खात्यावर.